मापात बसलेला सुटा भाग

पंचगंगेची पातळी मोजली जाते ती कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, आणि चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या गावांपर्यंत माणसे बाहेर काढण्याचे बरेचसे काम बोटींच्या मागे बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनांवर येऊन पडले. नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तिथे, गोकुळ शिरगावात आणि जुन्या शिवाजी उद्यमनगरात बिडाचे ओतकाम होते, पिस्टन आणि बेअरिंगे बनतात, क्रँक ग्राइंड होतात, लायनर बसवले जातात. मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज ही नावे या धंद्याबाहेरही माहीत आहेत. कागलजवळ किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. गगनबावडा, आंबा आणि फोंडा घाटांखालच्या बंदरांना यंत्रकामाचे जवळचे मोठे ठिकाण म्हणजे कोल्हापूर.

पुराच्या पाण्यातली छोटी पेट्रोल इंजिने आणि कोकणातल्या मासेमारी नौकांची मोठी डिझेल इंजिने यांत साम्य फारसे नाही. पण ती पुन्हा बांधताना आतले भाग ज्या रीतीने निवडले जातात ती रीत मात्र एकच आहे. माप जुळते का, खोका कोणाचा आहे आणि किंमत किती, या तीन प्रश्नांवर निवड संपते. टिकाऊपणा ज्या गुणांवर ठरतो, म्हणजे धातूची अंतर्रचना, उष्णतोपचाराची खोली, पृष्ठभागातले अवशिष्ट ताण, दोन धातूंमधला बंध, ते गुण या तिन्ही उत्तरांत दिसत नाहीत. जोवर इंजिनावर मध्यम भार आहे तोवर ही उणीव झाकली जाते. इंजिनाची शक्ती वाढवत नेली की ती उघडी पडते, आणि ती कधी उघडी पडणार याची वेळ दुरुस्तीच्या वार्षिक वेळापत्रकाने जवळजवळ ठरवूनच टाकलेली असते.

आधी भाराचा विचार केला पाहिजे. ट्रकचे आणि नौकेचे इंजिन पुष्कळदा एकाच ब्लॉकचे असते. रस्त्यासाठी घडवलेल्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर, पाण्याने थंड होणारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मरीन गिअरबॉक्स जोडून ते नौकेत बसवण्याची रीत जगभर आहे आणि तिच्यात मुळात गैर काही नाही. गफलत होते ती भाराच्या स्वरूपाबद्दल. रस्त्यावर इंजिनाला उतार मिळतो, सिग्नल मिळतो, गिअर बदलताना उसंत मिळते. नौकेच्या पंख्याला (प्रोपेलरला) अशी उसंत नसते: त्याने शोषलेली शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २,००० फेऱ्यांना पूर्ण शक्ती देणारे इंजिन १,८०० वर चालवले तर सुमारे ७३ टक्के आणि १,९०० वर सुमारे ८६ टक्के शक्ती सतत खर्च होत राहते. शेवटच्या १०० फेऱ्या नौकेच्या वेगात जेमतेम भर घालतात. इंजिनावर मात्र उरलेले १४ टक्के ओझे चढवतात. आंबा घाट न संपता तासन्‌तास चढत राहणारा ट्रक कल्पनेत आणला तर खोल समुद्राकडे निघालेल्या ट्रॉलरच्या इंजिनाची स्थिती कळते.

म्हणूनच उत्पादक एकाच ब्लॉकला निरनिराळी रेटिंग देतात. सलग कामाच्या नौकेला कमी शक्ती, गस्तीच्या किंवा क्रीडेच्या नौकेला जास्त. आणि ती जास्त शक्ती वर्षाला ठरावीक तास, त्यातही पूर्ण वेगात थोडाच वेळ, या अटीवर असते. वाढीव शक्तीचे इंजिन घेऊन ते सलग कामाला जुंपणे, किंवा इंजेक्टर, टर्बो आणि पंपाची सेटिंग बदलून जुन्याच इंजिनातून जास्त शक्ती काढणे, या दोन्हींत ही अट गुपचूप मोडते. पंखा गरजेपेक्षा जास्त पिचचा बसवला तर तिसऱ्या वाटेनेही मोडते: इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, कमी फेऱ्यांवर जास्त टॉर्क देत राहते, धूर काळा होतो आणि पिस्टनच्या माथ्याचे तापमान वाढते. पुढच्या दुरुस्तीत पिस्टन खराब निघाला म्हणून पिस्टन बदलला जातो; पंख्याकडे कोणी पाहत नाही. आतला कोणता भाग निवडावा या प्रश्नाचे अर्धे उत्तर इंजिनाबाहेर असते, ते असे.

धातूच्या थकव्याचे गणितही इथे मांडले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. चार-स्ट्रोक इंजिन १,८०० फेऱ्यांवर चालते तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ९०० ज्वलने होतात, तासाला ५४,०००. पोलादाची थकवामर्यादा ज्या एक कोटी भारचक्रांवर मोजण्याचा प्रघात आहे ती चक्रे सुमारे १८५ तासांत पूर्ण होतात. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला तर भाग वर्षानुवर्षे टिकतो. किंचित वर गेला तर पहिल्या काही शे तासांतच तडा वाढून तुटतो. दोन्हींमधली पट्टी फार अरुंद असते. शिवाय ही मर्यादा कोरड्या, स्वच्छ वातावरणातली आहे. खाऱ्या पाण्याचा अंश तेलात उतरून पृष्ठभागाला गंज-खड्डे पडले तर पोलादाला अशी सुरक्षित मर्यादा उरतच नाही आणि कितीही कमी ताणावर, पुरेशी चक्रे झाली की, तडा सुरू होऊ शकतो.

आता क्रँकशाफ्ट. जर्नल झिजले की ते ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज करायचे आणि तितकी जाड बेअरिंगे घालायची, हे काम कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे आणि ते हलके काम नव्हे. मायक्रॉनमध्ये माप धरणारे कारागीर इथे आहेत. पण माप बरोबर आल्यावरही तीन गोष्टी तशाच राहतात. पहिली कठीण थराची. नायट्रायडिंग केलेल्या क्रँकवरचा कठीण थर साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर खोल असतो, व्यास ०.५० ने कमी केला म्हणजे त्रिज्येत ०.२५ गेले, म्हणजे थराचा निम्मा किंवा त्याहून मोठा आणि त्यातलाही सर्वांत कठीण हिस्सा गेला. इंडक्शन हार्डनिंगचा थर काही मिलिमीटर खोल असल्याने तो ग्राइंडिंग सहज सोसतो. म्हणजे एकच अंडरसाइज एका क्रँकला निर्धोक आणि दुसऱ्याला घातक, आणि दोन्ही क्रँक टेबलावर शेजारी ठेवले तर दिसायला सारखे.

दुसरी गोष्ट फिलेटची. जर्नल जिथे वेबला मिळतो तिथल्या गोलाईत ताण एकवटतो आणि क्रँक तुटतो तो बहुधा तिथूनच. काही क्रँकांत ही गोलाई रोलरने दाबून तिच्या पृष्ठभागात दाबाचा अवशिष्ट ताण मुद्दाम निर्माण केलेला असतो, नायट्रायडिंगही तेच करते. ग्राइंडिंग व्हीलचा कोपरा वेळेवर ड्रेस केला नाही तर गोलाईची त्रिज्या लहान होते, ताणाची एकाग्रता वाढते, आणि व्हील फिलेटवर फिरले तर तो उपकारक थरही निघून जातो. मायक्रोमीटर जर्नलच्या मधोमध लावतात. फिलेटची त्रिज्या मोजण्याचे गेज फार थोड्या ठिकाणी हाताळले जाते. तिसरी गोष्ट ग्राइंडिंग बर्नची: शीतक कमी पडले किंवा घाईत जास्त कट घेतला तर पृष्ठभाग क्षणभर तापून मऊ होतो, त्यात ओढीचा ताण राहतो, कधी केसासारखे तडे जातात, आणि शेवटच्या पॉलिशने तो डाग पुसला जातो. हे तडे पकडणारी चुंबकीय कण चाचणी महाग नाही. ती ग्राइंडिंगच्या आधी कधीकधी होते. ग्राइंडिंगच्या नंतर, म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हा, क्वचितच.

क्रँकचा कठीण थर गेल्याचा परिणाम बेअरिंगच्या निवडीवरही होतो. जास्त भारासाठी म्हणून जास्त मजबूत, पर्यायाने जास्त कठीण पृष्ठभागाचे बेअरिंग घेतले जाते. ते मऊ झालेल्या जर्नलला खाते. मऊ ओव्हरलेचे तीन धातूंचे बेअरिंग बारीक कचरा पोटात घेऊन जर्नल वाचवते, पण तो ओव्हरले मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका पातळ असतो आणि तेलात पाणी आले तर लवकर झिजतो. बेअरिंग चांगले की वाईट हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ते कोणत्या कठीणतेच्या जर्नलवर आणि कोणत्या तेलात चालणार, हे माहीत असेल तरच त्याचे उत्तर देता येते.

कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण किमतीने सर्वांत लहान आणि परिणामाने सर्वांत मोठा भाग हाच. रॉडवरचे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या १० टक्के वाढवल्या तर बल २१ टक्क्यांनी वाढते. हे बल बोल्टला थेट जाणवू नये म्हणून तो आधीच त्याहून जास्त ताणून बसवायचा असतो. ताण पुरेसा असेल तर जोड घट्ट मिटलेला राहतो आणि बदलत्या भाराचा लहानसा हिस्साच बोल्टपर्यंत पोहोचतो. ताण कमी पडला तर जोड दर फेरीला सूक्ष्म उघडतो, पूर्ण बदलता भार बोल्टवर येतो आणि थकव्याने तो तुटतो. तुटलेला बोल्ट हातात घेतला की ‘कमजोर निघाला’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा तो कमजोर नसतो, सैल असतो.

सैल का राहतो? टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या आकड्यातला ढोबळमानाने दहावा भागच बोल्टच्या ताणात उतरतो. उरलेला डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यामुळे आटे कोरडे होते, इंजिन ऑइलने ओले होते की ग्रीसने माखलेले होते यावर एकाच टॉर्कला अगदी वेगवेगळा ताण निर्माण होतो. बोल्टची लांबी आवळण्यापूर्वी आणि नंतर मोजणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे आणि जिथे दोन्ही टोकांना मायक्रोमीटर पोहोचतो तिथे तो सहज करता येतो. याउलट ‘जास्त ग्रेडचा बोल्ट घाला’ हा बाजारातला सल्ला नवा धोका आणतो. १२.९ ग्रेडच्या बोल्टची नाममात्र ताणशक्ती १,२०० मेगापास्कल असते, पण त्याची कठीणता ३९ रॉकवेल सीच्या वर जाते. इतक्या कठीण पोलादावर चकाकीसाठी विद्युतविलेपन केले आणि नंतर ते नीट भाजले नाही तर धातूत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. असा बोल्ट आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनी, भाराखाली तुटतो.

पिस्टनच्या बाबतीत ‘फोर्ज्ड म्हणजे उत्तम’ ही समजूत शर्यतीच्या जगातून आली आहे. तिथे ती बरीचशी खरीही आहे. पण शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या काही फोर्ज्ड मिश्रधातूंत सिलिकन अगदी कमी असल्याने ते तापल्यावर जास्त प्रसरण पावतात, म्हणून थंड अवस्थेत त्यांना जास्त क्लिअरन्स द्यावा लागतो. थंड इंजिनात पिस्टन लायनरवर आपटतो, रिंगांच्या खाचा लवकर झिजतात. कामाच्या डिझेल नौकेत हे आपटणे निराळ्याच ठिकाणी बाधते. वेट लायनर त्या आघाताने थरथरतो, बाहेरच्या शीतकात बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन भिंतीवर फुटतात आणि लायनर बाहेरून पोखरला जातो. शीतकात योग्य ॲडिटिव्ह नसेल तर भोक आरपार जाऊन पाणी तेलात येते. म्हणजे मजबूत म्हणून निवडलेला पिस्टन लायनरचे आयुष्य कमी करू शकतो. डिझेलसाठी सुमारे १२ टक्के सिलिकनचा ओतीव पिस्टन, वरच्या रिंगसाठी निकेलयुक्त बिडाची कडी आत धरलेला आणि तेलाच्या फवाऱ्याने थंड होणारा, हा अनेक ठिकाणी अधिक शहाणा पर्याय आहे. त्यातही खरा प्रश्न ती कडी ॲल्युमिनियमला रासायनिक रीतीने जोडली गेली आहे की नुसती धरून ठेवली आहे हा. चांगल्या कारखान्यात हा बंध अल्ट्रासोनिक चाचणीने तपासतात. दुकानात दोन्ही पिस्टन सारखेच चमकतात आणि वजनातही फरक लागत नाही. बंध नसलेली कडी उष्णता पुढे पोहोचवू शकत नाही आणि तापून सैल होते, हे कळते ते बंदरापासून दूर.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे: मग उत्पादकाचाच ओरिजिनल भाग घ्यावा, प्रश्न मिटला. काही अंशी मिटतो. पण नकली खोक्यांचा प्रश्न राहतो, जुन्या मॉडेलचे भाग उपलब्धच नसण्याचा राहतो, आणि स्वतंत्र उत्पादकांचा कितीतरी माल उत्तम असतो ही वस्तुस्थितीही राहते. एकच फौंड्री मूळ उत्पादकालाही कास्टिंग देऊ शकते आणि सुट्या बाजारालाही; फरक धातूत असेलच असे नाही, तो तपासणीत आणि नोंदीत असतो. भट्टीतून धातू ओतला जातो तेव्हा त्या हीटचा क्रमांक असतो, स्पेक्ट्रोमीटरचा अहवाल असतो, उष्णतोपचाराच्या भट्टीचा तापमान-आलेख असतो. मशिनिंग, पॅकिंग, घाऊक विक्रेता, किरकोळ दुकान आणि मेकॅनिक अशा प्रत्येक पायरीवर या नोंदीतला काही भाग गळतो आणि शेवटी हातात उरतो तो भाग आणि त्याचे माप. वर्गीकरण संस्थेच्या देखरेखीखालच्या जहाजात, उदाहरणार्थ इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या, क्रँकशाफ्टबरोबर साहित्याचे प्रमाणपत्र आणि त्यावरचा ओळखशिक्का लागतो. लहान नौकांच्या दुरुस्तीपर्यंत ही साखळी पोहोचत नाही.

माहिती दुसऱ्या टोकालाही नष्ट होते, आणि हे मला अधिक चिंतेचे वाटते. तुटलेला क्रँक, फुटलेला लायनर, वितळलेला पिस्टन भंगारात जातो. भंगारातून पुन्हा भट्टीत. तुटलेल्या पृष्ठभागावर तडा कुठे सुरू झाला, तो हळूहळू वाढला की एका झटक्यात, हे वाचता येते. किनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या वलयांतून थकव्याचा इतिहास अभियंत्याला कळतो. तो इतिहास आपण किलोच्या भावाने विकतो. परिणामी मेकॅनिकचा अनुभव, जो या धंद्यात खरोखरच मोलाचा आहे, एका बाजूला झुकलेला राहतो: जी इंजिने त्याच्याकडे परत आली तीच तो मोजतो, आणि त्यांतही कारण न शोधता भाग बदलतो. वाईट भाग विकणाऱ्याला याची किंमत मोजावी लागत नाही आणि चांगला भाग बनवणाऱ्याला आपल्या जादा खर्चाचे कारण सिद्ध करता येत नाही. अशा बाजारात पुढे काय होते याचे तर्कशास्त्र जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडले: गुणवत्ता दिसत नसेल तर ग्राहक सरासरी किंमत देतो आणि त्या किमतीत चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो.

आता वेळापत्रकाकडे वळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. इंजिने खोलायची ती याच दोन महिन्यांत. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण इथल्या नौका एकाच वेळी किनाऱ्याला लागतात, एकाच वेळी क्रँक ग्राइंडिंगला येतात, आणि शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येकाला इंजिन हवे असते. ग्राइंडिंगचा कट मोठा घेण्याची, नंतरची चाचणी टाळण्याची, पाहिजे तो भाग नसेल तर मिळेल तो घेण्याची सर्व कारणे तेव्हा एकत्र येतात. यात कोणाचा लोभ किंवा बेपर्वाई गृहीत धरण्याची गरजच नाही. आणि बांधून झालेल्या इंजिनाचा पहिला खरा भार येतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा समुद्र अजून शांत झालेला नसतो.

नव्याने बांधलेले इंजिन म्हणजे खात्रीचे इंजिन, हा समज इथे तपासून पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करताना जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की विमानांतले अनपेक्षित बिघाड ठरावीक तासांच्या देखभालीनंतर लगेच वाढतात आणि मग उतरत जातात. १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी अमेरिकी नागरी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला, त्यात ६८ टक्के भागांचा बिघाड-दर सुरुवातीला उंच आणि नंतर सपाट असा निघाला; वयाबरोबर झिजून निकामी होणारे भाग थोडेच होते. विमान आणि मासेमारी नौका यांची सरसकट बरोबरी करता येणार नाही. पिस्टन-रिंग आणि लायनर निश्चितच वयाने झिजतात. तरीही चुकीचा भाग, सैल बोल्ट, तेलाच्या वाटेत राहिलेली ग्राइंडिंगची धूळ, बंध नसलेली कडी, हे दोष पहिल्या काही दहा तासांत प्रकट होतात ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. आपले वेळापत्रक इंजिनाचे हे सर्वांत धोक्याचे तास वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या पाण्यात नेऊन ठेवते.

पुराच्या बोटींचे वेळापत्रक याहून विषम आहे. त्या वर्षातले अकरा महिने उभ्या असतात आणि मग काही दिवस, ओझ्याने भरलेल्या, गाळ आणि तरंगत्या कचऱ्याच्या पाण्यात, रात्रंदिवस चालतात. उभ्या इंजिनात रिंगा खाचेत चिकटतात, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके उमटतात, पाण्याच्या पंपाच्या रबरी इंपेलरची पाती वाकल्या अवस्थेत कडक होतात. पेट्रोलमधला इथेनॉल, जो देशभर २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आला आहे, हवेतली आर्द्रता शोषतो आणि दीर्घ साठवणीत पाणी पुरेसे जमले तर ते मिश्रण वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच जात असेल तर त्या तळाच्या थराबरोबर पुरेसे तेल जात नाही. तो थर कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचला तर पिस्टन आणि क्रँकचे बेअरिंग काही मिनिटे जवळजवळ कोरडे चालतात. पुराचा गाळ त्याच वेळी इंपेलर घासून शीतकाचा प्रवाह कमी करत असतो. अशा इंजिनाची पावसाळ्यापूर्वी ‘पूर्ण दुरुस्ती’ करून घेतली आणि सर्वांत कमी दराच्या निविदेतले पिस्टन, रिंग आणि बेअरिंग घातले, तर कागदावर इंजिन तयार होते. प्रत्यक्षात त्याचे न तपासलेले पहिले तास बंधाऱ्यावर ४३ फूट ओलांडल्यावर सुरू होतात. निविदेत भागाचा क्रमांक आणि दर असतो. साहित्याचा अहवाल, बॅच क्रमांक किंवा भाराखालच्या चाचणीचे तास मागितले, तरच पुरवठादार ते देण्याच्या तयारीला लागतील.

करण्यासारखे आहे ते बहुतेक कोल्हापुरात आजच उपलब्ध आहे, ही या प्रश्नातली आशादायक बाजू. इथल्या कित्येक फौंड्रींत स्पेक्ट्रोमीटर आहे, कठीणता मोजण्याची यंत्रे आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली धातूची रचना वाचणारी माणसे आहेत. खुद्द बावड्यात १९८४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालते. ग्राइंडिंगनंतर क्रँकची चुंबकीय कण चाचणी आणि फिलेटच्या त्रिज्येची नोंद. नायट्रायडिंगचा क्रँक असल्यास पृष्ठभागाची कठीणता मोजून, गरज पडल्यास पुन्हा नायट्रायडिंग. रॉड-बोल्टची आवळण्यापूर्वीची आणि नंतरची लांबी. बांधलेल्या इंजिनाला पाणी-ब्रेकवर किंवा बंदरात बांधलेल्या नौकेत वाढत्या भाराने दिलेले दहा-पंधरा तास. आणि त्या तासांनंतर तेलाचा एक नमुना, ज्यातले तांबे-शिसे बेअरिंगची, ॲल्युमिनियम पिस्टनची, सिलिकन धुळीची आणि सोडियम खाऱ्या पाण्याची खबर देते. यातली कोणतीही गोष्ट संशोधनाच्या पातळीची नाही. आणि यांतले एकच करता येणार असेल तर मी भाराखालच्या तासांची निवड करीन, कारण निवडीतल्या आणि जोडणीतल्या बहुतेक चुका तेच तास किनाऱ्यावर उघड करतात.

पण हे तास मिळवायचे तर इंजिने जुलैच्या पहिल्या आठवड्यात बांधून तयार हवीत, म्हणजे क्रँक जूनच्या सुरुवातीलाच टेबलावर यायला हवेत, म्हणजे कोणता क्रँक कोणत्या उष्णतोपचाराचा आहे आणि कोणते भाग मागवायचे हे एप्रिल-मेमध्ये, नौका अजून समुद्रात असताना, मागच्या दुरुस्तीच्या नोंदीवरून ठरायला हवे. पुराच्या बोटींना हे मार्चमध्येच करता येते, त्यांना कोणतीच घाई नाही. नौकांची अडचण खरी आहे: मागच्या दुरुस्तीची नोंद बहुतेकांकडे नसते, हंगामाच्या शेवटी हातात रोकड नसते, आणि वाढीव शक्तीच्या इंजिनांची संख्या वाढत असताना जुन्या, मध्यम भाराच्या इंजिनांवर जमलेला अनुभवच निवडीचा आधार राहतो. त्या अनुभवाने आजवर दगा दिला नाही, कारण भार आणि मर्यादा यांच्यात अंतर होते. नव्या इंजिनांत ते अंतर उत्पादकाने आधीच खर्च केलेले आहे, आणि पहिल्यांदा खोलण्याची त्यांची पाळी आता येऊ लागली आहे.